वॉटर पार्क, उंचीची पट्टी आणि भ्यालेलं लेकरू

प्रश्न थोडक्यात असा. सेलूच्या एक ताई मे महिन्यात घरातली तीन लेकरं घेऊन छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका वॉटर पार्कला जाणार आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, उंची सव्वाचार फूट. मागच्या उन्हाळ्यात तो टॉवरवर चढला, स्लाइडच्या तोंडाशी बसला आणि रडत जिना उतरून खाली आला. तेव्हापासून चुलतभाऊ चिडवतात. मामाचं म्हणणं, यंदा एकदा ढकलून द्या, भीती मोडेल. मुलगी सहा वर्षांची, साडेतीन फूट. तिला कशाचीच भीती नाही, पण एकाही मोठ्या स्लाइडवर सोडलं नाही म्हणून तिनं दिवसभर तोंड फुगवलं. जाऊबाईंचा मुलगा दहा वर्षांचा, एका पायाला कॅलिपर, म्हणजे चालायला आधार देणारा लोखंडी-चामडी साचा. त्याला न्यावं की नाही, हेच घरात ठरत नाहीये.

मी या धंद्यात लाइफगार्ड म्हणून लागलो आणि आता स्लाइडवर उभ्या राहणाऱ्या पोरांना शिकवतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ताई, आधी मामांचं. ढकलायचं नाही. यात माया वगैरे बाजूला ठेवा, साधी सुरक्षेची गोष्ट आहे. मनानं तयार असलेलं लेकरू पाठीवर टेकतं, हात छातीवर घेतं, पाय जुळवतं. ढकललेलं लेकरू बरोबर याच्या उलट करतं. उठून बसतं, कडेला धरायला हात बाहेर टाकतं, मान वळवून मागं बघतं. मग पहिल्याच वळणावर कोपर नाही तर हनुवटी फायबरवर आपटते. आमच्या प्रथमोपचाराच्या खोलीत फुटलेला ओठ, दाताखाली आलेली जीभ घेऊन येणाऱ्यांत मनाविरुद्ध सुटलेली लेकरं पुष्कळ असतात. म्हणून नव्या ऑपरेटरला, म्हणजे स्लाइडच्या तोंडाशी उभं राहून लेकरं सोडणाऱ्या पोराला, आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, लेकराच्या पाठीला हात लावायचा नाही, त्याच्या बापानं सांगितलं तरी नाही. ढकललेलं एखादं पोरगं खाली हसत निघतं, हे खरं आहे, आणि मामांना तेवढंच आठवतं. जी लेकरं खाली आल्यावर टॉवेल गुंडाळून आईला चिकटतात आणि संध्याकाळपर्यंत पाण्याकडं बघत नाहीत, ती मामांच्या गोष्टीत नसतात.

आता मूळ मुद्दा. लेकराला मजा येणार की नाही, हे स्लाइड किती उंच यावर ठरत नाही. त्याच्या आजच्या हिमतीपेक्षा एकच पायरी वर असं काही तिथं आहे का, तिथवर त्याला जाता येतं का आणि नको वाटलं तर लाज न वाटता परत येता येतं का, यावर ठरतं. तुमच्या मुलाला टॉवरच्या पायथ्याच्या उंचीच्या पट्टीनं परवानगी दिली आहे, पण पायरी फार मोठी पडली. मुलीची हिंमत पायरीपेक्षा मोठी आहे, पण पट्टी आडवी आली. आणि पुतण्याच्या बाबतीत पायरी आहे की नाही, हे कुणी बघितलेलंच नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत ही मधली पायरीच गायब असते. एका बाजूला बेबी पूल, त्यात पाण्याची छत्री, गुडघाभर पाणी, कमरेइतक्या उंचीच्या घसरगुंड्या. दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस फुटांचे टॉवर. पाच ते आठ वर्षांच्या लेकरांना पहिलं पोरकट वाटतं आणि दुसरं एकतर मिळत नाही, नाहीतर झेपत नाही. मालकाच्या बाजूनं बघितलं तर कारण उघड आहे. टॉवर हायवेवरून दिसतो, जाहिरातीच्या फ्लेक्सवर शोभतो. दहा फुटांची, उघडी, मांडीभर पाण्यात उतरणारी साधी स्लाइड कुठल्याच फोटोत उठून दिसत नाही. माझ्या मते पार्कातला सगळ्यात जास्त आनंद तीच देते. असो, तुम्ही काही स्लाइड बांधणार नाही. आहे त्यातून मधल्या पायऱ्या शोधायच्या आहेत.

मुलाचं बघू. तो नेमका कशाला भ्याला, हे त्याला निवांत विचारलंत का? "उंचीला भ्याला" असं मोठी माणसं परस्पर ठरवून टाकतात. माझा अनुभव असा की मराठवाड्यातल्या लेकरांत भीती पुष्कळदा वरची नसते, खालची असते. घसरणं संपल्यावर पाण्यात गडप होऊ, नाकात पाणी जाईल, पाय टेकणार नाहीत, ही ती भीती.

त्याला कारण आहे. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, पोहायला कसे शिकले. विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचं टोक काकाच्या हातात. आधी पाण्याला लागलेल्या पायरीवर बसून पाय मारायचे. मग पायरी धरून. मग दोन हात लांब जाऊन परत. काठावरून मुटका मारायची पाळी बऱ्याच दिवसांनी यायची, तीही ज्याची त्यानं ठरवल्यावर. तुमच्याच तालुक्यातली वालूरची बारव बघितली असेल. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. पाणी वर असो की खाली, त्याला लागून एक पायरी असतेच. पण शाळांना सुट्टी लागते तेव्हा आपल्या विहिरींचे तळ दिसायला लागतात. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या कितीतरी लेकरांची छातीभर पाण्याशी पहिली गाठ पडते ती वॉटर पार्कात. आणि आपण त्याला थेट काठावरून मुटका मारायला सांगतो.

तेव्हा तयारी घरापासून करा. बादलीत तोंड बुडवून बुडबुडे सोडायला लावा. एक युक्ती मी सगळ्यांना सांगतो. पाण्यात जाताना तोंड मिटून नाकातून "हूं" करत राहायचं. गुणगुणत असलेल्या नाकात पाणी शिरत नाही, कारण हवा बाहेर येत असते. हात छातीवर असल्यामुळं स्लाइडवर नाक धरता येत नाही, आणि धरायला गेलं तर कोपर बाहेर जातं. हे "हूं" ज्याला जमलं त्याची निम्मी धास्ती घरीच उतरते.

पार्कात पोचल्यावर टॉवरकडं जाऊ नका. आधी लँडिंग पूलच्या काठावर बसा, म्हणजे स्लाइड जिथं संपते त्या हौदाजवळ. बाहेर येणारी लेकरं बघू द्या. त्याच्याएवढी पोरं पाण्यात जातात, दोन क्षण दिसत नाहीत, मग उठून केस मागं सारतात आणि परत जिन्याकडं पळतात. काहीजण खोकतात, तेही बघू द्या. मग लाइफगार्डला विचारा, स्लाइड थांबलेली असताना किंवा कडेच्या पायऱ्यांवरून याला जरा पाण्यात उभं राहू देता का? गर्दी नसेल तर बहुतेक जण हो म्हणतात. अशा हौदाचं पाणी साधारण तीन-साडेतीन फूट असतं. सव्वाचार फुटाच्या तुमच्या मुलाच्या छातीशी, फार तर खांद्याशी येईल. पाय टेकतात हे त्याच्या पायाला कळलं पाहिजे, तुम्ही तोंडानं सांगून कळत नाही.

स्लाइड निवडताना बहुतेक पालक उंची बघतात आणि तिथंच फसतात. अवघडपणा ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. उघडी की बंद? शेवट वरून दिसतो का? ट्यूबवर बसायचं की उघड्या पाठीवर घसरायचं? शेवट खोल हौदात होतो की लांब सपाट पन्हाळीत, जिथं वेग आपोआप मरतो? सुरुवात हळूहळू आहे की पहिल्याच हातावर खाली तोंड? एकट्यानं जायचं की सोबत? चाळीस फुटांवरून सुटणारी चार जणांची फॅमिली राफ्ट, म्हणजे एकत्र बसायची हवा भरलेली होडी, ही पंधरा फुटांच्या अंधाऱ्या बंद पाइपपेक्षा कितीतरी सोपी असते. राफ्टमध्ये आई समोर दिसते, हाताला मूठ असते, पाठ टेकलेली असते आणि खाली आल्यावर डोकं पाण्याखाली जात नाही. बंद पाइपमध्ये आवाज घुमतो, वळण कधी येणार ते कळत नाही आणि एकटेपण मोठं होतं. मागच्या वर्षी तुमचा मुलगा कुठल्या स्लाइडवर रडला हे तुम्ही लिहिलं नाही, पण ती बंद पाइपची असावी अशी माझी शंका आहे. पोरं रंगावर जातात. पिवळा-निळा पाइप बाहेरून फार छान दिसतो.

त्याच्यासाठी माझा क्रम असा राहील. आधी सगळ्यात सोपी उघडी स्लाइड, कंटाळा येईपर्यंत. हा कंटाळा महत्त्वाचा आहे. "झालं ना एकदा, आता मोठीवर चल" अशी घाई बापलोक करतात. पण पहिल्या फेरीत लेकरू डोळे मिटून आलेलं असतं, त्याला काही दिसलेलंच नसतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ते आजूबाजूला बघायला लागतं, हात वर करतं, ओरडतं. तेव्हा ती स्लाइड त्याची झाली. नंतर एकाशेजारी एक पन्हाळी असतात ती मॅटवरची स्लाइड, शेजारच्या पन्हाळीत तुम्ही. मग फॅमिली राफ्ट. मग दोघांची ट्यूब. एकट्याची उघडी स्लाइड त्यानंतर. बंद पाइप यंदा राहिला तरी काही बिघडत नाही. सरळ खाली पडणाऱ्या फ्री फॉलचा विषयही काढू नका.

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांवर काम केलंय. २००७ मध्ये त्यांनी अशा खेळांचे जे प्रकार मांडले त्यांत मोठी उंची, मोठा वेग आणि धोकादायक जागा, जसं पाणी किंवा आग, हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. वॉटर स्लाइडवर हे तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात. म्हणूनच एका वेळी एकच वाढवायचं. उंची वाढवली तर पाणी उथळ ठेवा. पाणी खोल घेतलं तर स्लाइड बुटकी घ्या.

आता जिन्याबद्दल, कारण लेकरू रडतं ते स्लाइडवर नाही, जिन्यावर. मे महिन्यातली दुपार, चाळीसच्या वरचं ऊन, तापलेला लोखंडी जिना, अनवाणी पाय आणि पुढं वीस-पंचवीस माणसं. वाट बघत उभं राहिलेल्या मिनिटांत भीती वाढत जाते. वर पोचेपर्यंत लेकरू थकलेलं असतं, मागं अनोळखी पोरं "चल ना, चल ना" करत असतात. सकाळी गेट उघडतानाच पोचा. पहिल्या दीड-दोन तासांत रांगा नसतात. बारानंतर सहलीच्या गाड्या येतात आणि मग मामांसारखी माणसं वर जमतात. रविवार टाळा.

आणि निघण्याआधी त्याला स्पष्ट सांगा की जिना दोन्ही बाजूंनी चालतो. चढता येतो तसा उतरता येतो. तोंडाशी जाऊन नको वाटलं तर ऑपरेटरकडं बघून मान हलवायची, तो बाजूला घेईल. आमच्याकडं मी ऑपरेटर पोरांना एक गोष्ट करायला लावतो. लेकरू डळमळलं की त्याला काहीतरी काम द्यायचं. "राजा, ही ट्यूब जरा खालच्या दादाला नेऊन दे बरं." ते ट्यूब घेऊन रुबाबात जिना उतरतं आणि रांगेतल्या कुणाला काही कळत नाही. अशी लेकरं बहुधा तासाभरात परत वर दिसतात. तुमच्या पार्कातला ऑपरेटर असं करेलच असं नाही, पण हे काम तुम्हीसुद्धा देऊ शकता. चष्मा खाली ठेवून ये म्हणा, बहीण कुठंय बघून ये म्हणा.

चुलतभावांना मात्र आधीच दम भरा. जिन्यावर चेष्टा केली तर त्यांची एक फेरी बंद. मोठ्या माणसांच्या समजुतीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता धाकटी. या वयाच्या लेकरांचं आणि पट्टीचं भांडण आम्ही रोज बघतो. गंमत अशी की बहुतेक ठिकाणी तिकीटही उंचीवर असतं. तेच आईबाप तिकीट खिडकीवर लेकराला गुडघे वाकवायला लावतात आणि टॉवरच्या पायथ्याशी टाचा उचलायला. "सकाळी तर तीन फुटांच्या आत होता की सायेब!" असं म्हटलं की दोघंही हसतात, पण लेकराला हसू येत नाही.

मोठ्या स्लाइडला बहुधा चार फूट, म्हणजे १२२ सेंटिमीटरची अट असते. ती कुणाच्या लहरीवर ठरलेली नाही. तुमची मुलगी साडेतीन फूट. तीन-साडेतीन फुटांच्या लँडिंग पूलमध्ये पाणी तिच्या हनुवटीशी किंवा त्याच्याही वर येईल, आणि ती तिथं पोचेल ती स्थिर उभी नाही, गरगरलेली आणि मागून पाण्याचा लोंढा येत असताना. दुसरं, या वयात अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं आणि मान नाजूक. वळणावर डोकं सावरणं मोठ्या लेकरासारखं जमत नाही. तिसरं वजनाचं. हलकं लेकरू सपाट भागात मध्येच थांबतं, आणि मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळतो. वेगाचा अंदाज घ्यायचा तर दहा मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उंचीवरून घर्षणच नसेल तर माणूस ताशी ५० किलोमीटरपर्यंत पोचेल. खऱ्या स्लाइडवर वळणं आणि घर्षण यांमुळं वेग यापेक्षा कमीच राहतो, पण पाण्याचा पातळ थर घर्षण बराच खाऊन टाकतो. मोटरसायकलच्या वेगानं जाणारी वस्तू नुसत्या अंगाच्या तोलावर सावरायची असते, एवढं ध्यानात घ्या.

वजन नुसतं किती आहे हे नाही, कुठं बसलंय हेही बघावं लागतं. अमेरिकेत कॅन्सस सिटीला २०१४ मध्ये फेरुक्ट नावाची स्लाइड सुरू झाली, १६८ फूट, तेव्हाची जगातली सर्वांत उंच. तीन जणांच्या राफ्टचं एकूण वजन ४०० ते ५५० पौंडांमध्ये असलं पाहिजे असा तिथला नियम होता. ऑगस्ट २०१६ मध्ये राफ्ट दुसऱ्या उंचवट्यावर हवेत उडाली आणि दहा वर्षांचा मुलगा दगावला. एकूण वजन नियमात बसत होतं, पण हलका मुलगा पुढं आणि दोन मोठी माणसं मागं होती. त्या स्लाइडच्या रचनेचाही मोठा प्रश्न होता. शेवटी ती पाडून टाकली. आपल्याकडं इतकं उंच काही नाही, तरी ऑपरेटर "ताई, तुम्ही मागं, तुम्ही पुढं" करतो तेव्हा वाद घालू नका.

आणि मुलीला मांडीवर घेऊन घसरायचं तर मुळीच नाही. पालकांना हे सुरक्षित वाटतं, कारण लेकरू आपल्या हातात असतं. होतं उलटं. दोघांचं मिळून वजन वाढतं, वेग वाढतो, लेकराचा पाय बाजूच्या भिंतीला अडकतो आणि वरून मोठ्या माणसाचा भार पुढं रेटत राहतो. बागेतल्या कोरड्या घसरगुंडीवरसुद्धा लहान लेकरांची नडगी मोडते ती बरेचदा अशीच. पार्कनं दोघांची म्हणून दिलेली ट्यूब असेल आणि तिथली पट्टी ती पार करत असेल, तरच सोबत जा.

मग तिला काय द्यायचं? पहिलं, खरं उत्तर, आणि तेही घरीच. दाराच्या चौकटीला अनवाणी उभं करून, अंबाडा सोडून उंची मोजा आणि चार फुटांवर खडूनं रेघ मारा. या वयात लेकरू वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. साडेतीन फूट म्हणजे १०७ सेंटिमीटर, चार फुटांना पंधरा कमी. अडीच ते तीन वर्षं. हे तिला तसंच सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सात वर्षांच्या लेकराची मध्यम उंची १२१ सेंटिमीटरच्या आसपास आहे, पण आपल्याकडं आठवं-नववं लागलं तरी पट्टीला डोकं न लागणारी लेकरं मी रोज बघतो, त्यांच्यात काही कमी नसतं. "तू लहान आहेस" हे तिला अपमानासारखं लागतं. "पट्टी इथं आहे, तू इथं आहेस" यात अपमान नाही, माहिती आहे. आणि गेटवर जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. दिवसाचा विचका होतो तो अचानक मिळालेल्या नकारामुळं.

दुसरं, तिच्या हद्दीत अवघड काहीतरी. तिच्यासारख्या पोरींना उंची हवी असते असं आपल्याला वाटतं. त्यांना हवं असतं ते थोडं कठीण. मध्ये मोठी बादली उलटते तो खेळाचा मनोरा बघा. त्यावर दोरीची जाळी, हलता पूल आणि दोन-तीन वेगवेगळ्या छोट्या स्लाइड असतात, आणि पट्टी बहुधा तीन फुटांची. जाळीवरून हात न सोडता वर जायचं. बादली ओतताना बरोबर खाली उभं राहायचं आणि हलायचं नाही. छोट्या स्लाइडवरून येऊन पाण्यात न पडता उभं राहायचं. उथळ पाण्यात पाठीवर तरंगायचं, तुमचा हात पाठीखाली आणि मग एकच बोट. हे तरंगणं जमलं तर तीन वर्षांनी टॉवरवर जाताना तिला काही वेगळं शिकवावं लागणार नाही. तिच्यावर नजर मात्र जास्त ठेवा. न भिणारं लेकरू भ्यालेल्यापेक्षा जास्त वेळा पाण्याखाली जातं. आणि बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, ते गप्प असतं.

यावरून एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तुम्ही स्वतः पाण्यात उतरणार आहात का? आमच्याकडं दर रविवारी एकच चित्र असतं. बायका साडीत, हातात पिशव्या, चपला, मोबाइल घेऊन सावलीत बसलेल्या. पुरुष वर टॉवरवर. मधल्या पाण्यात लेकरं, आणि त्यांच्याजवळ कुणीच मोठं नाही. भ्यालेल्या लेकराची मधली पायरी पुष्कळदा आईच असते, आणि ती काठावर अडकलेली असते. साडी, ओढणी, जीन्स यांना स्लाइडवर बंदीच असते. कापड अडकतं, जड होतं, आणि जीन्सचे खिळे फायबरला ओरखडे पाडतात, ते मग पुढच्याच्या पाठीला लागतात. पण पूर्ण बाह्यांचे, पायघोळ नायलॉनचे पोशाख भाड्यानं मिळतात, किंवा घरूनच नायलॉनचा टी-शर्ट आणि लेगिंग न्या. सुती नको. शाळेच्या सहलीत तर निम्म्या मुली निव्वळ कपड्यांमुळं काठावर बसून राहतात. स्लाइड त्यांच्यासाठी बंद आहे असं कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं, तरी ती बंदच असते. गुरुजींनी सहलीच्या चिठ्ठीत कपड्यांची एक ओळ जास्त लिहिली तर त्यातल्या पुष्कळजणी पाण्यात दिसतील.

आता पुतण्या. त्याला न्या. घरी ठेवायचा विचार बहुतेक त्याच्या काळजीपेक्षा आपल्या अवघडलेपणातून येतो.

कॅलिपर पाण्यात चालणार नाही, त्यातलं चामडं आणि लोखंड खराब होतं. तो काढून कोरड्या जागी ठेवावा लागेल आणि मग पाण्यापर्यंत जायचं कसं, हा खरा प्रश्न. बघायचं ते पाणी आणि जमीन कुठं मिळतात ते. वेव्ह पूलला, म्हणजे यंत्रानं लाटा उठवतात त्या हौदाला, बहुधा समुद्रकिनाऱ्यासारखा उतार असतो, पायऱ्या नसतात. काठापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून आणि पुढं बसल्या बसल्या सरकत तो स्वतः पाण्यात जाऊ शकतो. लाटा बंद असताना आधी न्या. छातीभर पाण्यात अंगाचा भार पाणी उचलतं, त्यामुळं जमिनीवर जे जमत नाही ते पुष्कळ लेकरांना पाण्यात जमतं. काठावरून बघायला बसवलेलं लेकरू पाण्यात भावांच्या बरोबरीनं खेळताना मी पाहिलंय. ट्यूबवर पडून वाहत जायची लेझी रिव्हर असेल तर तीही.

स्लाइडसाठी मी तिघांनाही तेच विचारीन. बसल्यावर तोल राहतो का? दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरता येते का? तोंड पाण्यात गेलं तर स्वतः वर काढता येतं का? तिन्हींना हो असेल तर कमी उंचीची स्लाइड, खाली घ्यायला तुमच्यापैकी एकजण, यात अडचण नसावी. फिट येण्याचा त्रास असेल, पाठीचं किंवा मानेचं काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. टॉवरचं मी स्पष्टच सांगतो. आपल्या भागात लिफ्ट असलेला स्लाइड टॉवर मी पाहिलेला नाही, आणि ओल्या जिन्यावरून लेकराला खांद्यावर घेऊन चढणं दोघांच्याही जिवावर येऊ शकतं. ते करू नका. पण "अशांना आत सोडत नाही" असं कुणी गेटवर म्हणालं तर ऐकून घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे खासगी जागांनाही सुगमतेची, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता येण्याची, जबाबदारी टाळता येत नाही. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला २०१७ पासून एक आख्खं वॉटर पार्क दिव्यांगांना धरून बांधलेलं आहे. तिथं पाण्यात जाणाऱ्या, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर मिळतात. म्हणजे होत नाही असं नाही, करायचं ठरवलं पाहिजे. आपल्याकडच्या मालकांशी मी याविषयी भांडतो. त्यांना एक उतार, कठड्याला एक आडवी दांडी आणि दोन जलरोधक खुर्च्या याचा खर्च टॉवरच्या रंगाइतकाही येणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पार्कला फोन करा आणि तिकीट खिडकीवरच्या माणसाशी नको, ऑपरेशन बघणाऱ्याशी बोला. तीन ते चार फुटांमधल्या लेकरांना कुठल्या स्लाइड आहेत? लँडिंग पूल किती खोल? वरून जिन्यानं परत येऊ देता ना? कॅलिपरचा मुलगा आहे, वेव्ह पूलला उतार आहे का आणि काठापर्यंत खुर्ची आणू द्याल का? नीट उत्तरं मिळाली तर ठीक. "या हो ताई, सगळं आहे" एवढंच मिळालं तर दुसऱ्या पार्कला फोन लावा.

मामांना न्या, पण त्यांना धाकटीसोबत बादलीखाली उभं करा.